हयातीचें वर्षासन आणि स्त्रीचें आयुष्य

सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं जिनीव्हा हें एक लहानसें स्वतंत्र प्रजासत्ताक होतें. घड्याळें करणारे कारागीर, धर्मोपदेशक आणि सावकार यांचें तें शहर. तेथील पेढीवाल्यांनीं १७७० नंतरच्या काळांत शहरांतील लहान मुलींची एक यादी तयार केली. यादींत तीस नांवें असत. मुली खात्यापित्या घरच्या, काटक प्रकृतीच्या, आणि ज्यांना देवी येऊन गेल्या आहेत अशाच घेतल्या जात. डॉक्टर त्यांची तपासणी करीत. एखादीला ताप आला तर तिच्या मातापित्यांच्या बरोबरीनें पेढीवालेहि चिंतातुर होत, आणि ती बरी झाली म्हणजे साऱ्या बाजारपेठेस हायसें वाटे. या मुलींना वारसा मिळावयाचा नव्हता, कीं त्यांचीं लग्नें कोठें राजघराण्यांत ठरलेलीं नव्हतीं. त्यांच्याकडून अपेक्षा एकच होती, ती ही कीं त्यांनीं पुष्कळ वर्षें जगावें.

हा प्रकार काय होता हें समजण्यासाठीं वर्षासनाचा व्यवहार थोडा पाहिला पाहिजे. वर्षासन हा शब्द महाराष्ट्रास नवा नाहीं. पेशवाईंत विद्वानांस व देवस्थानांस सरकारांतून वर्षासनें मिळत. परंतु तें दान होतें. युरोपांत राजे आणि नगरें वर्षासनें विकत असत. लढाईसाठीं पैसा हवा असला म्हणजे सरकारनें लोकांकडून एकरकमी द्रव्य घ्यावें आणि मोबदल्यांत ठराविक रक्कम दरसाल देत रहावें; ज्या माणसाच्या नांवावर वर्षासन लिहिलें असेल तो जिवंत असेपर्यंत ती चालावी, तो मेला कीं देणें संपलें. मुद्दल परत करण्याचा प्रश्नच नसे. पेन्शनर मंडळींना दरसाल जो हयातीचा दाखला द्यावा लागतो, तशाच प्रकारचा पुरावा त्या वर्षासनदारांनाहि द्यावा लागे. गंमत अशी कीं पैसे भरणारा एक आणि ज्याच्या जिवावर वर्षासन चालावयाचें तो दुसराच, असें चालत असे. साठ वर्षांच्या सावकारानें सात वर्षांच्या मुलीच्या जिवावर वर्षासन घेतलें तरी सरकारची हरकत नसे.

आतां अशा वर्षासनाची किंमत काय असावी? माणूस किती दिवस जगेल यावर ती अवलंबून आहे, हें उघड आहे. तरी पण शतकानुशतकें सरकारें सर्वांस एकाच भावानें वर्षासनें विकीत. या गोष्टीचा पहिला शास्त्रशुद्ध हिशेब हॉलंडचा मुख्य प्रधान यान द विट यानें १६७१ सालीं केला. हा राजकारणी पुरुष मोठा गणितीहि होता. हॉलंडचें सरकार त्या वेळीं वर्षासनाच्या चौदा पट रक्कम घेऊन हयातीचीं वर्षासनें विकीत होतें; द विटनें शेंकडा चार व्याज धरून दाखवून दिलें कीं वाजवी किंमत सोळा पट आहे. सरकार स्वस्तांत विकून आपलें नुकसान करून घेत आहे, हा त्याच्या निबंधाचा मथितार्थ. दुसऱ्याच वर्षीं फ्रेंच सैन्यें हॉलंडांत घुसलीं आणि क्षुब्ध जमावानें हेग शहरांत द विटला त्याच्या भावासह ठार मारलें. आयुष्याची सरासरी काढणाऱ्या या गृहस्थास स्वतःचीं शेहेचाळीस वर्षेंच काय तीं लाभलीं.

द विटच्या हिशेबांत स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. १६९३ सालीं धूमकेतूच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या एडमंड हॅले यानें ब्रेस्लाउ शहरांतील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून जें कोष्टक बनविलें, त्यांतहि सर्व माणसें एकाच रकान्यांत आहेत. त्या वर्षीं इंग्लंडचें सरकार हयातीच्या वर्षासनावर वयाचा विचार न करितां शेंकडा चौदा देत होतें, म्हणजे अवघ्या सात वर्षांत मुद्दल वसूल! लहान वयाच्या माणसास हा सौदा किती फायद्याचा आहे, हें हॅलेनें लक्षांत आणून दिलें.

बायका पुरुषांपेक्षां अधिक जगतात ही गोष्ट मात्र लोकांच्या नजरेस आली नव्हती असें नाहीं. लंडनचा कापड-व्यापारी जॉन ग्राँट यानें शहराच्या मृत्युपत्रकांचा अभ्यास करून १६६२ सालीं एक पुस्तक लिहिलें. त्यांत त्यानें एक मौजेची विसंगति नोंदविली आहे: वैद्यांकडे एका पुरुष रोग्यामागें दोन स्त्रिया येतात, आणि तरीहि मरतात ते पुरुषच अधिक. ग्राँटनें नुसता निर्देश केला. ॲम्स्टरडॅमच्या निकोलास स्ट्रॉइक यानें १७४० मध्यें वर्षासनदारांच्या नोंदी स्त्रिया आणि पुरुष अशा निरनिराळ्या मांडून स्वतंत्र कोष्टकें दिलीं. सहा वर्षांनीं, १७४६ सालीं, फ्रान्समध्यें आंत्वान देपार्सिउ यानें मठांतील नोंदी तपासल्या. संन्यासी व संन्यासिनी यांचें राहणें, खाणें, उपासतापास बरेचसे सारखेच. संन्यासी लढाईवर जात नाहींत आणि संन्यासिनींस बाळंतपण नाहीं. तेव्हां तुलना करावयास याहून चांगलें साधन कोणतें? देपार्सिउला आढळलें कीं मठांतहि स्त्रियाच अधिक जगतात.

जिनीव्हाच्या पेढीवाल्यांनीं याच ज्ञानाचा रोकडा उपयोग केला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत फ्रान्स उतरलें तेव्हां राजाचा अर्थमंत्री नेकर हा होता, आणि तो स्वतः जिनीव्हाचाच. नवे कर बसविण्यापेक्षां त्यानें कर्जें काढणें पसंत केलें, आणि एका जिवावरील वर्षासनास सरसकट शेंकडा १० असा दर ठेविला. म्हाताऱ्यास तोच, अर्भकास तोच. पुरुषास तोच, स्त्रीस तोच. ऐंशी वर्षांच्या वृद्धास हा दर कमी पडे. पण सात वर्षांच्या, देवींतून वांचलेल्या मुलीच्या जिवावर शंभर लिव्हर गुंतविले तर दहा वर्षांत मुद्दल हातीं येई, आणि ती साठ वर्षें जगली तर सहाशें लिव्हर मिळत. एकाच मुलीवर सारी भिस्त ठेवणें धोक्याचें; म्हणून तिसांवर रक्कम वांटून टाकावयाची आणि त्या समुच्चयाचे भाग गिऱ्हाइकांस विकावयाचे. एखादी मुलगी दगावली तर प्रत्येकाचें उत्पन्न थोडेंसें घटे, इतकेंच. ज्याला आतां विम्याचें तत्त्व म्हणतात तेंच हें, फक्त उलट्या बाजूनें वापरलेलें.

मुलगेहि निरोगी असत, मग मुलीच कां? मुलगा मोठा झाला कीं सैन्यांत जाईल, परदेशीं फिरेल, दारू पिईल, घोड्यावरून पडेल. मुलीस पुढें बाळंतपणाचा धोका होता हें खरें, परंतु सुखवस्तु घराण्यांत तो धरूनहि मुलीचेंच पारडें जड होतें. सरकार जें आंधळेपणानें एकाच भावांत विकीत होतें, त्यांतील सर्वांत मोलाचा माल सावकारांनीं वेंचून घेतला. त्याचा शेवट मात्र त्यांस सुखाचा झाला नाहीं. मुली जगल्या, पण फ्रान्सची राजसत्ता कोसळली. क्रांतीच्या सरकारनें १७९४ सालीं वर्षासनांचे मूळ करार मोडून नव्यानें हिशेब केला, आणि जें द्यावयाचें तें किंमत घसरलेल्या कागदी नोटांत दिलें. जिनीव्हाच्या कित्येक नामांकित पेढ्या त्यांत बुडाल्या. तीस मुलींच्या प्रकृतीची इतकी काळजी घेणाऱ्यांनीं कर्जदार राजाच्या प्रकृतीची चौकशी करावयास नको होती काय?

फ्रान्सचें पाहूनहि इंग्लंड फारसें शहाणें झालें नाहीं. १८०८ मध्यें तेथील सरकारनें पुन्हां हयातीचीं वर्षासनें विकावयास काढलीं. या वेळीं वयाप्रमाणें दर लाविले होते, पण त्यासाठीं रिचर्ड प्राइस यानें केलेलें नॉर्दॅम्प्टन शहराचें कोष्टक घेतलें. त्या कोष्टकाची कथा अशी. शहराची वस्ती प्राइसनें बाप्तिस्म्याच्या नोंदींवरून अजमावली. परंतु तेथें असे पुष्कळ ख्रिस्ती होते कीं जे तान्ह्या मुलांस बाप्तिस्मा देत नसत. जन्म वहींत कमी, मृत्यु मात्र पुरेपूर. त्यामुळें लोक वास्तविक मरत त्याहून लवकर मरतात असें कागदावर दिसूं लागलें. विमाकंपन्यांस ही चूक मानवली, कारण लोक लवकर मरतात असें धरून त्या जास्त हप्ता घेत आणि लोक मात्र जगत. वर्षासन विकणाऱ्या सरकारचें नेमकें उलट झालें. स्कॉटलंडांतून आलेल्या जॉन फिनलेसन नांवाच्या सरकारी नोकरानें १८१९ सालीं वरिष्ठांस कळविलें कीं अकरा वर्षांत वीस लाख पौंडांचा तोटा झाला आहे. असें अप्रिय सत्य सांगणाऱ्याचें जें होतें तेंच त्याचें झालें: अहवाल पांच वर्षें पडून राहिला. अखेर १८२९ मध्यें त्याचीं नवीं कोष्टकें प्रसिद्ध झालीं, आणि त्यांत स्त्रिया व पुरुष यांचे आंकडे वेगळे होते. त्यानंतर त्याच वयाच्या स्त्रीस तेवढ्याच वर्षासनासाठीं पुरुषाहून अधिक रक्कम इंग्लंडच्या खजिन्यांत भरावी लागूं लागली.

या ठिकाणीं न्यायाचा कांटा कसा झुकला तें पाहण्यासारखें आहे. स्त्री अधिक जगते म्हणून वर्षासन महाग, हें गणितास धरून झालें. मग त्याच गणितानें तिचा आयुर्विमा स्वस्त व्हावयास हवा, कारण विम्याची रक्कम मृत्यूनंतर द्यावयाची असते. पण तसें झालें नाहीं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील विमाकंपन्या स्त्रीच्या जिवावर विमा उतरावयास नाखूष असत, आणि उतरलाच तर बाळंतपणाचें कारण सांगून जादा हप्ता घेत. म्हणजे जगली तर अधिक जगते म्हणून दंड, आणि मरण्याची भीति म्हणूनहि दंड! एकाच स्त्रीस दोन दुकानांत दोन परस्परविरुद्ध कारणें सांगण्यांत आलीं, आणि दोन्हीकडे पैसे तिच्याच पदरचे गेले. सरासरी जेव्हां स्त्रीच्या बाजूची होती तेव्हां तिचा उपयोग करण्याची घाई कोणास नव्हती, ही गोष्ट विमागणितींच्या निःपक्षपातीपणाविषयीं बोलतांना विसरतां येत नाहीं.

हिंदुस्थानांत हा धंदा मुंबईंतहि रुजला. ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी लाइफ ॲश्युअरन्स ही कंपनी १८७४ सालीं तेथें निघाली. त्याच वर्षीं विवाहित स्त्रियांच्या मिळकतीचा कायदा झाला आणि त्याच्या सहाव्या कलमानें पतीनें बायकामुलांच्या लाभासाठीं उतरविलेल्या विम्याची रक्कम सावकारांच्या तडाख्यांतून सुरक्षित ठेविली. मात्र हें संरक्षण हिंदु, मुसलमान, शीख व जैन कुटुंबांस मद्रास इलाख्यांत १९१३ सालच्या अखेरीनंतर आणि इतरत्र १ एप्रिल १९२३ पासून लागू झालें. यावरून एक गोष्ट दिसते. विम्याच्या दफ्तरांत हिंदी स्त्रीचें नांव शिरलें तें विमा उतरविणारी म्हणून नव्हे, तर विधवा झाल्यावर पैसे घेणारी म्हणून. आशीर्वादाची रीतहि तशीच नाहीं काय? पुरुषास ‘शतायुषी हो’ म्हणावयाचें, आणि स्त्रीस ‘अखंड सौभाग्यवती हो’. तिच्या आयुष्याचें मापसुद्धां पतीच्या आयुष्यानें घ्यावयाचें. पुढें १९५६ मध्यें खासगी कंपन्यांचें राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें, तेव्हां त्यानेंहि स्त्रियांचे वर्ग पाडले. स्वतः कमावणारी एका वर्गांत, दुसऱ्या मार्गानें उत्पन्न असणारी दुसऱ्यांत, आणि ज्या गृहिणीस स्वतःचें उत्पन्नच नाहीं ती तिसऱ्यांत, अधिक निर्बंधांसह.

याहून महत्त्वाची गोष्ट आयुर्मानाची आहे. युरोपांत स्त्रिया अधिक जगतात हें अठराव्या शतकांतच सिद्ध झालें होतें; भारतांत मात्र विसाव्या शतकाचा बराच भाग उलटून जाईपर्यंत स्त्रियांचें सरासरी आयुष्य पुरुषांहून कमी होतें. १९७०–७५ या वर्षांत पुरुषांचें अपेक्षित आयुर्मान ५०.५ वर्षें व स्त्रियांचें ४९ वर्षें होतें. १९८१–८५ मध्यें तें अनुक्रमें ५५.४ व ५५.७ झालें, म्हणजे त्या सुमारास पारडें फिरलें. लागोपाठचीं बाळंतपणें, सर्वांच्या मागून जेवावयास बसणें, आजाराकडे दुर्लक्ष, अशा गोष्टींनीं निसर्गानें दिलेली सवलत हिरावून घेतली होती. फिनलेसनचें कोष्टक उचलून पुण्याच्या किंवा पाटण्याच्या बाईस लाविलें असतें तर तें साफ चुकलें असतें. स्त्री अधिक जगते हें विधान म्हणजे त्रिकोणाच्या तीन कोनांच्या बेरजेसारखें सिद्ध सत्य नव्हे. तें विशिष्ट काळाचें, विशिष्ट समाजाचें आणि पुष्कळ वेळां विशिष्ट वर्गाचें विधान असतें.

विसाव्या शतकांत हा वाद वर्षासनाच्या बाजारांतून नोकरदारांच्या पेन्शनींत आला, आणि तेथें त्याला खरी धार चढली. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या पाणी व वीज खात्यांत सुमारें दहा हजार पुरुष व दोन हजार स्त्रिया काम करीत. निवृत्तीनंतर सारख्या पगाराच्या, सारख्या वयाच्या व सारख्या नोकरीच्या माणसांस सारखेंच मासिक पेन्शन मिळे. परंतु स्त्रिया अधिक वर्षें पेन्शन खातील म्हणून पेन्शन-निधीसाठीं त्यांच्या पगारांतून पुरुषांपेक्षां १४.८४ टक्के अधिक कापून घेत. एका स्त्रीच्या पगारांतून एकूण १८,१७१ डॉलर कापले गेले; तिच्याच जागीं पुरुष असता तर १२,८४३ डॉलर कापले गेले असते. काम तेंच, पगार तोच, पण दर महिन्यास घरीं जाणारी थैली हलकी. १९७३ सालीं या स्त्रियांनीं फिर्याद केली, आणि १९७८ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध दोन मतांनीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला.

निकाल लिहिणारे न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांनीं स्त्रिया सरासरीनें अधिक जगतात हें नाकारलें नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, सरासरी ही समूहाची असते, आणि कायदा व्यक्तीस संरक्षण देतो. ज्या स्त्रीचा पगार कापला ती सरासरी पुरुषाइतकी तरी जगेल कीं नाहीं हें कोण सांगणार? पुष्कळ स्त्रिया लवकर मरतात. त्यांनीं आयुष्यभर जादा भरणा केला आणि पदरांत कांहींच पडलें नाहीं. शिवाय कोणत्याहि सामुदायिक विम्यांत निरोगी माणूस रोग्याचा भार वाहतो, अविवाहित माणूस विवाहिताचा वाहतो, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं. मग तेवढा स्त्रीचाच भार पुरुषांनीं वाहिला तर अन्याय कसा? मात्र पूर्वीं घेतलेल्या जादा रकमा परत देण्याचा हुकूम न्यायालयानें केला नाहीं, कारण तसें केल्यास अनेक निधि कोलमडतील अशी भीति होती. दंड झाला, पण वसुली झाली नाहीं, असा हा प्रकार.

पांच वर्षांनीं, १९८३ मध्यें, ॲरिझोना राज्याच्या एका स्त्री-कर्मचाऱ्याच्या दाव्यांत उरलेला प्रश्न सुटला. येथें भरणा सारखा, पण निवृत्तीनंतर पुरुषास महिना ३५४ डॉलर आणि स्त्रीस ३२० डॉलर. पांच विरुद्ध चार मतांनीं हेंहि बेकायदा ठरलें.

विमागणितींचा आक्षेप पोकळ नव्हे, आणि तो येथें नीट मांडला पाहिजे. सर्वांस एक भाव लाविला कीं ज्यांना तो सौदा फायद्याचा असतो ते गर्दी करतात आणि ज्यांना तोट्याचा असतो ते पाठ फिरवितात. जिनीव्हाच्या तीस मुली हाच त्याचा जिवंत दाखला आहे. परंतु त्या उदाहरणांत घेणारा मोकळा होता. वाटेल त्या जिवावर, वाटेल तेवढें वर्षासन त्यानें घ्यावें. पाणी खात्यांतील कारकून बाईस अशी निवड कोठें होती? निधींत सर्वांस सक्तीनें रहावें लागत होतें. पुरुषांस त्यांतून पळ काढतां येत नव्हता आणि स्त्रियांस गर्दी करतां येत नव्हती. जेथें निवड नाहीं तेथें गर्दीची भीति दाखविणें व्यर्थ आहे. खुल्या बाजारांत मात्र तो आक्षेप कायम राहतो.

युरोपांत हा खुला बाजारच न्यायालयांत आला. युरोपीय संघानें २००४ सालीं नियम केला कीं विम्याच्या हप्त्यांत स्त्री-पुरुष भेद नसावा. पण भरंवशाचे आंकडे असतील तर राष्ट्रांनीं सूट द्यावी, अशी पळवाटहि ठेविली. बेल्जियममधील एका ग्राहकसंघानें त्या पळवाटेस आव्हान दिलें. १ मार्च २०११ रोजीं युरोपीय न्यायालयानें ती रद्द ठरविली आणि २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या करारांत एकच भाव लागू झाला. परिणाम संमिश्र झाले. वर्षासनांत पुरुषांस पूर्वीं मिळे त्याहून कमी मिळूं लागलें. पण मोटारीच्या विम्यांत तरुण मुली आजवर तरुण मुलांपेक्षां पुष्कळ कमी हप्ता भरीत, कारण त्या अपघात कमी करीत. त्यांचा हप्ता वाढला. अर्जावरील स्त्री-पुरुष हा रकाना निरुपयोगी झाला म्हणून कंपन्या स्वस्थ बसल्या असेंहि नाहीं. इंग्लंडांत तर २००७ च्या सुमारासच कांहीं कंपन्यांनीं वर्षासनाचा भाव अर्जदाराच्या टपालाच्या पत्त्यावरून ठरविण्यास आरंभ केला होता: श्रीमंत पेठेंतील माणूस अधिक जगतो, गरीब वस्तींतील कमी. गरीब माणसास त्यांत अधिक वर्षासन मिळतें, हें त्या पद्धतीच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु तो अधिक भाव ज्या कारणानें मिळतो तें कारण ऐकून कोणास समाधान वाटावें?

अमेरिकेंत पेन्शनीबाहेरच्या खासगी विम्यास सर्वोच्च न्यायालयाचे ते निकाल लागू नव्हते. माँटाना या एका राज्यानें मात्र १९८३ सालीं कायदा करून सर्व प्रकारच्या विम्यांत स्त्री-पुरुषांस एकच दर ठेवण्याचें बंधन घातलें, आणि तें १९८५ पासून अमलांत आलें. पस्तीस वर्षांहून अधिक काळ तेथें तो प्रयोग चालला. २०२१ मध्यें त्याच राज्याच्या विधिमंडळानें तो कायदा रद्द केला, आणि तेथील विमाकंपन्यांस अर्जावरील तो रकाना पुन्हां वाचण्याची मोकळीक मिळाली.